अश्वविज्ञान आणि अश्वव्यवस्थापन शिकायचंय? पुण्यातून निघताना काय काय करावं

पुण्यात घोडा दिसायला फार कष्ट पडत नाहीत. पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर पहाटेपासून ट्रॅकवर्क चालू असतं, आषाढवारीत पालखीबरोबरचे अश्व शहरातून जातात आणि लग्नसराईत वरातीची घोडी बँडच्या गोंगाटात रस्त्याच्या मधोमध उभी असते. हे बघत वाढलेली काही मुलं दहावी-बारावीला आली की घरी विषय काढतात, ‘घोड्यांचंच शिक्षण घेता येईल का?’ येतं. पण इंजिनिअरिंगसारखी एक प्रवेशपरीक्षा आणि एक यादी इथे नाही. वाटा वेगवेगळ्या आहेत, त्यांची नावं एकमेकींसारखी ऐकू येतात, आणि चुकीच्या वाटेवर दोन वर्षं आणि बरेच लाख घालवून परत येणारे दरवर्षी भेटतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या शिक्षणात घोड्यावर बसण्याचा भाग सगळ्यात लहान आहे. बाकी सगळं लीद, वैरण, खूर, दात, तापमान, वजन आणि वह्यांमधल्या नोंदी. हे वाचून हिरमोड झाला तर रायडिंग छंद म्हणून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

## १. आधी वाट ठरवा

पशुवैद्यक. घोड्यावर उपचार करायचे असतील तर भारतात बीव्हीएससी अँड एएच ही पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. परदेशातली ‘इक्वाइन सायन्स’ची बीएससी कितीही नामांकित विद्यापीठाची असली तरी तुम्ही त्यातून डॉक्टर होत नाही. इंजेक्शन देणं, शस्त्रक्रिया करणं, फिटनेसचा दाखला सही करून देणं यातलं काहीच करता येत नाही. सगळ्यात महागडा गैरसमज हाच.

अश्वविज्ञान किंवा अश्वव्यवस्थापनाची पदवी. ही बहुतेक परदेशात. ‘सायन्स’ म्हटलं की शरीरक्रिया, आहारशास्त्र, प्रजनन, व्यायामशास्त्र, आकडेशास्त्र आणि शेवटच्या वर्षी प्रबंध. ‘मॅनेजमेंट’ म्हटलं की तबेल्याचा कारभार, माणसं, हिशेब, कायदे, स्पर्धांचं आयोजन, आणि त्याच्या जोडीला विज्ञान थोडं कमी. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात दोन्ही एकत्र करून ‘इक्वाइन सायन्स अँड मॅनेजमेंट’ अशी पदवी आहे. इंग्लंडमध्ये हार्टपरी, वेल्समध्ये ॲबरिस्टविथ, आयर्लंडमध्ये लिमरिक, ऑस्ट्रेलियात चार्ल्स स्टर्ट ही या विषयातली माहितीची नावं. ‘सायन्स’साठी बारावीला जीवशास्त्र असलेलं बरं. ते सोडून बसलात तर बरीच दारं बंद होतात.

थेट धंदा. स्टड फार्म (घोड्यांच्या पैदाशीची जागा), रेसिंगचा तबेला, रायडिंग स्कूल. इथे पदवीपेक्षा हात बघतात. थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यात पुढे जायचं असेल तर आयरिश नॅशनल स्टडचा निवासी अभ्यासक्रम किंवा पदवीनंतरचा गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्ट (२ वर्षं, पूर्ण खर्च त्यांचा, त्यामुळे चुरस जबरदस्त) ही नावं लक्षात ठेवा.

पुण्यात राहण्याचा फायदा असा की या तिन्ही वाटांची कामं इथेच बघायला मिळतात. हडपसरचा पूनावाला स्टड १९४६ पासून आहे. थरोब्रेडची जन्मनोंद ठेवणाऱ्या स्टड बुक ऑथॉरिटीचं काम पुण्याच्या रेसकोर्सवरून चालतं. पिंपरीला हाफकिन संस्थेकडे सर्पविषावरचं प्रतिविष बनवण्यासाठी घोडे पाळले जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावरचं औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं. घोडा म्हणजे फक्त शर्यत, अशी समजूत असेल तर ती इथेच सुटते.

## २. ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाला भुलू नका

ब्रिटिश कॉलेजांच्या माहितीपत्रकात ‘ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इक्वाइन मॅनेजमेंट’ असं भारदस्त नाव दिसतं. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘लेव्हल ३’ असतं. खरी माहिती त्या आकड्यात आहे.

लेव्हल ३ म्हणजे साधारण आपली बारावी. ४ आणि ५ म्हणजे पदवीच्या आधीचे डिप्लोमा. ६ म्हणजे ऑनर्स पदवी, ७ म्हणजे मास्टर्स. म्हणजे इथे बारावी पास होऊन तिथे लेव्हल ३ ला पैसे भरले तर तुम्ही दुसऱ्यांदा बारावी करताय. कधीकधी त्याला अर्थ असतो: हाताला घोड्याचं काम अजिबात माहीत नाही आणि दोन वर्षं रोज तबेल्यात घालवायची तयारी आहे, तर हा अभ्यासक्रम चांगला पाया घालतो. पण पदवी समजून जाऊ नका.

व्हिसाचे नियमही याच आकड्यावर फिरतात. पदवीपेक्षा खालच्या अभ्यासक्रमाला ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला १० तासच नोकरी करता येते, पदवीला सहसा २०. शिक्षणानंतर थांबून काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा लेव्हल ३ वर मिळत नाही. आणि त्यांच्या वेबसाइटवर ‘१६ ते १८ वयोगटाला फी नाही’ असं लिहिलेलं असलं तर ते तिथल्या मुलांसाठी. आपल्याला पूर्ण फी.

आपल्याकडेही काही खासगी संस्था ‘इंटरनॅशनल इक्वाइन डिप्लोमा’ देतात. त्यांना तीन प्रश्न लेखी विचारा: प्रमाणपत्र कोण देतं, ते कुठल्या लेव्हलचं आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे घोडे किती. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर पुढे जाऊ नका.

## ३. अर्ज करण्याआधी ८ ते १२ आठवडे तबेल्यात काढा

हा टप्पा गाळायचा नाही. चांगली कॉलेजं अनुभव विचारतात, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुम्हालाच कळतं. मे महिन्यात पहाटे ५ ला उठून सलग दहा दिवस लीद उचलल्यावरही परत जावंसं वाटतं का?

पुणे परिसरात रायडिंग स्कूल बरेच आहेत, तळेगावच्या बाजूलाही आणि शहराच्या कडेलाही. तिथे ‘रायडिंग शिकायचंय’ म्हणून जाऊ नका, ‘तबेल्यात काम करायचंय’ म्हणून जा. रेसकोर्सच्या तबेल्यांत परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. ओळखीच्या ट्रेनरमार्फतच जमतं, आणि घोडे पुण्यात जास्त असतात ते पुण्याच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्यात. हिवाळ्यात बरेच घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात.

तिथे गुरू कोण? ट्रेनर नव्हे, सईस आणि त्यांचे जमादार. सईस मामांना घोड्याची तब्येत त्याच्या उभं राहण्यावरून कळते. त्यांच्याशी अदबीने वागा, चहा सांगा, प्रश्न विचारा. पुस्तकी नाव माहीत नसलं तरी खोड त्यांना माहीत असते.

काय न्यायचं. टाच असलेले, घोट्याच्या वर जाणारे बूट (स्पोर्ट शूज नकोत, रिकिबीत पाय अडकतो), पूर्ण पँट, हातमोजे, हनुवटीखाली पट्टा असलेलं रायडिंग हेल्मेट. हेल्मेटवर पीएएस ०१५ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं मानक छापलेलं असावं. मोटारसायकलचं किंवा सायकलचं हेल्मेट चालत नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतातच.

पहिली दहा मिनिटं. सकाळी तबेल्याच्या दाराशी गेलात की घोड्याला हात लावू नका. आधी बघा. चंदीचं, म्हणजे दाण्याच्या खुराकाचं भांडं चाटूनपुसून रिकामं आहे का? पाण्याची बादली किती उतरली? मध्यम आकाराचा घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात आणि कामावर त्याहून जास्त. रात्रीत लिदीचे ढीग किती पडले? दिवसभरात ८ ते १२ ढीग हा साधारण हिशेब. ढीग कमी, गोळे कोरडे आणि वर चिकट पडदा असला तर जमादारांना लगेच सांगा. अंथरूण एकाच जागी खूप विस्कटलंय, म्हणजे रात्री लोळला असेल. अंगावर घामाचे वाळलेले पट्टे आहेत का? मागचा एक पाय टेकून उभा राहणं ही विश्रांती. पुढचा पाय पुढे टाकून उभा राहणं हे दुखणं.

मग डाव्या बाजूने, खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जा. मोहरकी चढवा. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. घोडा बुजून पळाला तर बोटं जातात. बांधताना थेट कडीला न बांधता कडीला सुतळीचा फास लावून त्यात सुटगाठ मारा. हिसका बसला की सुतळी तुटते, मान वाचते.

नाडी मोजणं. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर आतल्या बाजूला बोट फिरवलं की पेन्सिलीएवढी जाड शीर बोटाखाली सरकते. अंगठा वापरू नका, स्वतःचीच नाडी मोजाल. १५ सेकंद मोजून चारने गुणा. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके. श्वास ८ ते १६. तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. तापमापकाला दोरी आणि चिमटा बांधून तो शेपटीच्या केसांना अडकवायचा, नाहीतर आत जातो. हिरडीवर बोट दाबून सोडलं की २ सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. हे चार आकडे रोज एकाच घोड्याचे, एकाच वेळी, महिनाभर वहीत लिहा. मुलाखतीत ही वही कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

पोटदुखी. घोड्याला उलटी करता येत नाही. जठर लहान, ८ ते १५ लिटरचं, आणि पुढचं मोठं आतडं मात्र लांबलचक, वळणावळणाचं. म्हणून कॉलिक ही प्रत्येक तबेल्याची धास्ती. पोटाकडे वळून बघणं, पुढच्या खुराने जमीन उकरणं, सारखं लोळणं, लीद बंद होणं ही लक्षणं. समोरची वैरण काढा, नाडी मोजा, पशुवैद्यांना फोन करा. नाडी ६० च्या वर असेल तर फोनवर तोच आकडा पहिल्यांदा सांगा. आपल्याकडे अशा वेळी तेल किंवा काढा बाटलीने ढोसण्याची सवय आहे. करू नका आणि जमलं तर इतरांनाही नम्रपणे थांबवा. मान वर करून पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं की पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो.

पावसाळा. पुण्यात शिकणाऱ्याला ही एक देणगीच म्हणायची, कारण जून ते सप्टेंबरात सगळी दुखणी एकदम बघायला मिळतात. खुराच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागात ओल राहून काळा, कुजकट वासाचा स्राव येतो, तो थ्रश. रोज खूर खरवडून साफ करणं आणि अंथरूण कोरडं ठेवणं हा त्याचा निम्मा उपचार. पाठीवर केसांचे गुच्छ उपटून खपल्या निघतात. गोमाश्या वाढल्या की सर्राची, म्हणजे त्यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीच्या रोगाची भीती. बुरशी धरलेली वैरण किंवा मका चुकूनही घालायचा नाही. मक्यावरच्या एका बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं आणि त्याला उतारा नाही.

नाल बसवायला नालबंद ४ ते ६ आठवड्यांनी येतो. त्या दिवशी सुट्टी घेऊ नका. तासभर खुराकडे बघत उभं राहिल्यावर जे कळतं ते आकृतीवरून कळत नाही.

## ४. वैरण-चंदीचं गणित हाताशी ठेवा

पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त मुलं गळपटतात ती इथे. गणित सोपं आहे, पण डब्याने आणि पेंढीने मोजायची सवय मोडावी लागते.

वजनकाटा नसेल तर टेप घ्या. खांद्यामागे, कोपराजवळून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, घोड्याने श्वास सोडल्यावर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर साधारण ४३६ किलो. मोठ्या घोड्याला ठीक उतरतं, शिंगराला हे सूत्र लावू नका.

रोजचा एकूण आहार शुष्क वजनात (पाण्याचा अंश वगळून) शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, त्यातली वैरण किमान दीड टक्का. ४४० किलोच्या घोड्याला म्हणजे दिवसाला ६.६ किलो शुष्क वैरण. वाळलेल्या गवतात ओल कमी, त्यामुळे साडेसात किलो गवतात भागतं. पण लसूणघास ओला असतो. १० किलो हिरव्या लसूणघासात शुष्क भाग जेमतेम दोन-अडीच किलो. ‘एवढ्या पेंढ्या घातल्या, तरी घोडा सुकला’ अशी तक्रार येते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. सगळं लसूणघासावर भागवणंही बरोबर नाही, प्रथिनं आणि कॅल्शियम गरजेपेक्षा फार होतं. गवत आणि लसूणघास मिळूनच द्या.

चंदी वजन करून द्या. ज्या डब्यात ओट किलोभर बसतात त्याच डब्यात मका दीड किलोच्या आसपास बसतो, शिवाय मक्यात स्टार्च दोन तृतीयांश. एका वेळी शरीराच्या दर किलोमागे १ ग्रॅमच्या वर स्टार्च गेला की न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. तिथून कॉलिक, आणि कधीकधी खुराची आग. म्हणून चंदी थोडी थोडी, तीन-चार वेळा. आहार बदलायचा तर ७ ते १४ दिवसांत हळूहळू.

आता गव्हाचा कोंडा. आपल्या तबेल्यांत तो प्रेमाने आणि भरपूर घालतात. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. असा आहार महिनोन्महिने चालला की शरीर हाडांमधलं कॅल्शियम ओढतं, आणि चेहऱ्याची हाडं फुगून घोड्याचं डोकं मोठं दिसायला लागतं. सोबत हत्तीगवत असेल तर आणखी वाईट, कारण त्यातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. परदेशी पुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो, आपल्याकडे मात्र रोजच्या कामाचा आहे. कोवळी ज्वारी हिरवी घालू नका हेही त्यातलंच.

## ५. बीव्हीएससीची वाट: फॉर्म तीन, तारखा तीन

बारावीला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी, खुल्या गटाला किमान ५० टक्के, आणि नीट ही प्रवेशपरीक्षा. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं.

महाराष्ट्रात ही कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, सगळे ‘माफसू’ म्हणतात. पुण्याला सगळ्यात जवळचं शिरवळचं, सातारा रस्त्यावर सुमारे ५० किलोमीटर. मुंबईचं कॉलेज १८८६ चं, देशातल्या जुन्या कॉलेजांपैकी. त्याखेरीज नागपूर, परभणी, उदगीर.

चूक होते ती अशी: मुलं एमबीबीएससाठी सीईटी सेलचा फॉर्म भरतात आणि पशुवैद्यकही त्यातच आलं असं समजतात. तसं नाही. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी माफसूचा वेगळा अर्ज आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी पशुवैद्यक परिषदेचा वेगळा. नीटचा फॉर्म धरून तीन. एकाची तारीख चुकली तर दुसऱ्याने भरून निघत नाही.

कागदपत्रं: नीटचं गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आरक्षण असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास चालू नॉन-क्रिमीलेअर, मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जात वैधता अकरावीतच अर्ज करून ठेवा. निकालानंतर पळापळ करून ती वेळेत हातात पडेल याचा भरवसा धरू नका.

या पदवीत घोडा थोडाच येतो. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांचा वाटा मोठा. घोड्याचा हात बसवायचा तर सुट्ट्यांत रेसकोर्स, स्टड किंवा माथेरान-महाबळेश्वरच्या घोड्यांवर काम करणाऱ्या पशुवैद्यांबरोबर फिरावं लागतं. पुढे एमव्हीएससीला शस्त्रक्रिया किंवा प्रजनन घेता येतं. संशोधनाची ओढ असेल तर हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, आणि लष्कराची आवड असेल तर रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, ज्यांचं केंद्र मेरठला आहे. दोन्हीकडे नजर ठेवा.

## ६. परदेशी अर्ज: वर्षभर आधी सुरुवात

सप्टेंबरचं सत्र धरलं तर आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून कामाला लागा. ब्रिटिश पदवीचा अर्ज यूकॅस या तिथल्या सामायिक प्रवेशयंत्रणेमार्फत, मुदत जानेवारीत. लेव्हल ३ साठी कॉलेजकडे थेट.

हातात ठेवायची कागदं:

- पासपोर्ट
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मराठीत काही असेल तर प्रमाणित भाषांतर
- इंग्रजीची परीक्षा, कॉलेज सांगेल तीच (व्हिसासाठीची आयईएलटीएस आणि साधी आयईएलटीएस वेगळी असते)
- तबेल्यातल्या कामाची नोंदवही: तारीख, तास, काम, देखरेख करणाऱ्याची सही आणि शिक्का
- दोन शिफारसपत्रं, एक शिक्षकांचं आणि एक तबेल्यातून
- स्वतःबद्दलचं निवेदन

निवेदनात ‘लहानपणापासून घोड्यांवर प्रेम’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकजण लिहितो. त्याऐवजी एका घोड्याचं एक दुखणं, तुम्ही नोंदवलेले आकडे आणि त्यातून काय कळलं ते लिहा. भारतीय जातींबद्दल दोन नेमक्या गोष्टी सांगता आल्या तर उत्तम. मारवाडी-काठियावाडी त्यांना ऐकून माहीत असतात. आपल्या भीमा खोऱ्यातला, मराठ्यांच्या स्वाऱ्यांतला भीमथडी घोडा आता नोंदणीकृत देशी जात आहे, हे तिथे फार थोड्यांना माहीत असतं. जातीचे घोडे एकत्र बघायचे तर डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेला जा. मात्र तिथे कुठल्याही घोड्याच्या नाकातल्या स्रावाला हात लावू नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो.

रायडिंग असलेल्या अभ्यासक्रमाला चाचणी घेतात: चाल, दुडकी, कँटर, रिकिबीशिवाय दुडकी. बहुतेक कॉलेजांत वजनाची मर्यादाही असते, कारण घोड्याने किती उचलायचं याचा नियम असतो. ती आधीच विचारा, फी भरल्यावर नको. रायडिंग नसलेला पर्याय बहुधा असतो आणि नोकरीच्या दृष्टीने तो कमी नाही.

विचारावं असं आणखी एक: यार्ड ड्यूटी, म्हणजे तबेल्यातल्या कामाची पाळी. सकाळी ७ ला, शनिवार-रविवारीही, आळीपाळीने. वसतिगृह तबेल्यापासून १० किलोमीटरवर असेल आणि पहाटे बस नसेल तर ही ड्यूटी तुम्हाला खाते. इंग्लंडच्या ग्रामीण भागात रविवारी बस मिळेल असं धरून चालू नका.

## ७. व्हिसा आणि पैसे

ब्रिटनला जाताना फीचं पत्र आणि व्हिसा यांच्यामध्ये सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते बँकेच्या कागदावर. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि ठरवून दिलेला राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. सत्ताविसाव्या दिवशी घरच्या कार्यासाठी दहा हजार काढले आणि शिल्लक खाली गेली की मोजणी पहिल्यापासून. २८ दिवसांची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आतली हवी. म्हणून ते खातं वेगळंच ठेवा, त्याचं कार्ड खिशात ठेवू नका.

आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. क्षयरोगाची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातूनच, कोपऱ्यावरच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. तो दाखला ६ महिने चालतो. अर्ज आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबई गाठायची गरज नाही, पुण्यात केंद्र आहे.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेला अभ्यासक्रमाची लेव्हल आणि विद्यापीठाची मान्यता आधी दाखवा. ‘घोड्यांचा कोर्स’ म्हटल्यावर समोरचे अधिकारी हसतात, ते मनावर घेऊ नका, पण लेव्हल ६ चा कागद टेबलावर ठेवा.

आणि हे नीट वाचा: विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनमध्ये स्वतंत्र धंदा करता येत नाही, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम करता येत नाही. म्हणजे ‘शनिवारी मुलांना रायडिंग शिकवून खर्च काढीन’ हे बेकायदा आहे, पैसे रोख घेतले तरी. तबेल्यात पगारावर, तासांच्या मर्यादेत काम करता येतं. पगारपत्रक मागून घ्या.

## ८. सामान भरताना

खोगीर नेऊ नका. ते घोड्याच्या पाठीला बसवायचं असतं, तुमच्या बॅगेत नाही, आणि तिथल्या घोड्यांची पाठ वेगळी. हेल्मेट मात्र स्वतःचं न्या, विमानात हातातल्या बॅगेत, कारण सामानात आपटलेल्या हेल्मेटवर भरवसा ठेवता येत नाही. थंडीसाठी पाणी आत न जाणारे दोन जोड हातमोजे तिथेच घ्या, इथले पहिल्या पावसात भिजून लटकतात.

बूट, चॅप्स, ब्रश, खरारे, जे काही इथल्या तबेल्यात वापरलंय, ते गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, तळव्याच्या खाचांतली लीद आणि माती टाचणीने काढून, जंतुनाशकात बुडवून दोन दिवस उन्हात वाळवा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर उतरल्यावरच्या फॉर्मवर ‘घोड्यांसाठी वापरलेलं सामान आहे’ हे स्वतःहून लिहा. लपवलेल्या बुटाला चिकटलेल्या लिदीचा दंड बुटाच्या किमतीपेक्षा मोठा असतो. खरारा अगदी जुना असेल तर इथेच सईस मामांना देऊन जा.